न मानवणारे अन्न आणि फायटिक आम्ल

अमुक एक पदार्थ मानवत नाही, ही तक्रार प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा ऐकू येतेच. कोणाला वांगे बाधते, कोणाला हरभऱ्याची डाळ जड पडते, कोणाला दूध सोसत नाही. पूर्वी अशा तक्रारीचे निवारण घरातील वडील माणसेच करीत. तो पदार्थ त्या माणसाच्या पानात वाढला जात नसे आणि विषय तेथेच संपे. अलीकडे मात्र या साध्या तक्रारींना रसायनशास्त्रातील नावे मिळू लागली आहेत. पदार्थ बाजूला राहतो आणि त्यातील एखाद्या द्रव्यावर सगळा ठपका येतो. अशा संशयितांच्या यादीत फायटिक आम्लाचे नाव आता बरेच वर गेले आहे. गहू, ज्वारी, बाजरी, कडधान्ये, तीळ, शेंगदाणे या सर्वांत हे आम्ल असते. ते पोषणाच्या आड येते. म्हणून पोटाचा फुगारा, थकवा, डोकेदुखी, अंगावरची खाज यांपासून सुटका हवी असेल, तर ही सारी धान्ये आणि कडधान्ये आहारातून काढून टाकावीत, असा सल्ला दिला जातो आणि अनेक कुटुंबे तो मोठ्या निष्ठेने पाळतात.

या सल्ल्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो नीट पारखून घेणे अगत्याचे आहे. फायटिक आम्ल ही काही काल्पनिक वस्तू नव्हे, आणि त्यापासून हानी होते हेही खोटे नाही. परंतु ती हानी कोणत्या जातीची, ती ओळखावी कशी, आणि तिच्यावरचा उपाय अन्न वर्ज्य करण्याचा की अन्नावर संस्कार करण्याचा, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे माणूस आपल्या ताटातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कसदार अन्न स्वतःच्या हाताने दूर सारतो. ज्या घरात मांस-मासळी शिजत नाही, तेथे हा तोटा लहान मुलांच्या वाढीपर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम हे आम्ल म्हणजे काय ते पाहू जाता असे दिसते की, ती बीजाने स्वतःसाठी बांधून ठेवलेली शिदोरी आहे. दाणा जमिनीत रुजला म्हणजे कोंबाला फॉस्फरस लागतो, आणि मुळे पुरेशी वाढेपर्यंत तो मातीतून मिळण्यासारखा नसतो. म्हणून पिकत असतानाच दाणा हा फॉस्फरस साठवून ठेवतो. इनोसिटॉल नावाच्या एका साखरेसारख्या लहान रेणूला फॉस्फेटचे सहा गट चिकटले म्हणजे फायटिक आम्ल तयार होते. पक्व दाण्यातील एकूण फॉस्फरसापैकी साठ ते ऐंशी टक्के भाग बहुधा याच रूपात असतो. गव्हात हा साठा मुख्यत्वे कोंड्यालगतच्या थरात, मक्यात अंकुरात, तर कडधान्यांत डाळिंबीच्या गरातच असतो. दाणा भिजला आणि रुजू लागला की, फायटेज नावाचे विकर जागे होते, साठ्याचे कुलूप उघडते आणि फॉस्फरस मोकळा करून कोंबाच्या हवाली करते.

हे कुलूप उघडण्याआधीच दाणा दळला, शिजवला आणि खाल्ला, तर ते आम्ल जसेच्या तसे माणसाच्या पोटात जाते. माणसाच्या लहान आतड्यात फायटेज फारच थोडे असते. फायटिक आम्लाचे सहा फॉस्फेट गट लोह, जस्त आणि कॅल्शियम यांना घट्ट धरून ठेवतात. त्यांचे न विरघळणारे संयुग बनते आणि ही मोलाची खनिजे शरीरात न शिरता मळावाटे निघून जातात. स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे लेइफ हालबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हा परिणाम मोजून दाखविला. फायटिक आम्ल काढून टाकलेल्या गव्हाच्या पावात त्यांनी ते पुन्हा मोजून मिसळले. २ मिलिग्रॅम फॉस्फरसाइतक्या अल्प मात्रेनेही लोहाचे शोषण १८ टक्क्यांनी घटले. २५ मिलिग्रॅमने ६४ टक्क्यांनी, आणि २५० मिलिग्रॅमने ८२ टक्क्यांनी. मात्र त्याच जेवणात क जीवनसत्त्व दिले असता ही घट पुष्कळ अंशी भरून निघाली. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग पुढे होणार आहे.

याच्याही कितीतरी आधी एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करीत असता एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. ओटच्या पिठात कॅल्शियम आणि फॉस्फरस पांढऱ्या पिठापेक्षा अधिक असूनही त्यावर वाढलेल्या पिलांना मुडदूस अधिक तीव्र होत असे. धान्यातील या अज्ञात द्रव्याचा शोध चालू राहिला आणि १९३९ च्या सुमारास ते फायटिक आम्ल असल्याचे हॅरिसन आणि मेलनबी यांनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये कोंडायुक्त पाव खाण्याची वेळ आली, तेव्हा मॅकान्स आणि एल्सी विडोसन यांच्या प्रयोगांमुळे कॅल्शियम कमी पडण्याचा धोका ध्यानात आला, आणि पिठात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, मिसळण्यास प्रारंभ झाला. सरकारने लोकांचा पाव बंद केला नाही. पावात जे उणे पडत होते त्याची भर घातली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जस्ताची कथा तर याहून हृदयद्रावक आहे. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे काम करीत असता त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक रुग्ण आला. तो दिसावयास जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. तारुण्याची कोणतीच चिन्हे त्याच्या अंगावर नव्हती. पंडुरोग झालेला होता. बेखमीर रोटी हेच त्याचे मुख्य अन्न, मांस जवळजवळ नाही, आणि वर माती खाण्याची सवय. त्या भागात असे रुग्ण आणखीही होते. पुढे ईजिप्तमध्ये अशाच रुग्णांचा अभ्यास करून प्रसाद यांनी १९६३ मध्ये या खुंटलेल्या वाढीमागे जस्ताचा अभाव असल्याचे दाखविले. जस्त दिल्यावर अशा मुलांची उंची वाढू लागली. माणसाला जस्त कमी पडू शकते हे तोवर बहुतेकांना मान्यच नव्हते. अमेरिकेत आहारातील जस्ताचे दैनंदिन प्रमाण ठरविले गेले ते १९७४ मध्ये. इराणच्या खेड्यांतील बेखमीर रोटीत फायटिक आम्ल विपुल राहते, हेही पुढच्या संशोधनात स्पष्ट झाले.

या सर्व वृत्तांतात एक गोष्ट आवर्जून पाहण्याजोगी आहे. मेलनबीची पिले, गोटेबोर्गमधील प्रयोगास बसलेली माणसे आणि शिराझचा तो तरुण यांच्यापैकी कोणाच्याही बाबतीत पोट फुगणे, मळमळणे किंवा अंगावर पित्त उठणे हा फायटिक आम्लाचा परिणाम म्हणून पुढे आलेला नाही. हे आम्ल चोरपावलांनी येणारे आहे. ते ज्या जेवणात असते त्या जेवणातील खनिजे कमी करते, आणि असे महिनोन्‌महिने चालले, शिवाय आहारही एकसुरी असला, तर हळूहळू रक्तक्षय किंवा वाढीची खोटी दिसू लागते. भाकरी खाल्ल्यावर दोन तासांनी होणाऱ्या त्रासाचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखविण्यास आधार नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या प्रथिनावर उसळून उठते, तीस ॲलर्जी म्हणतात. फायटिक आम्ल प्रथिन नव्हे. त्याची ॲलर्जी होते असे दिसून आलेले नाही. फायटिक आम्लाची संवेदनशीलता असा रोग वैद्यकशास्त्राने मानलेला नाही आणि तो ओळखण्याची प्रमाणित चाचणीही नाही.

मग ज्यांना उसळ किंवा चपाती खाल्ल्यावर खरोखरच त्रास होतो, त्यांची तक्रार खोटी म्हणावी काय? तसे मुळीच नाही. त्रास खरा असतो. त्याचे नाव चुकलेले असते. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जातीच्या शर्करा असतात. त्या पचविणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील जंतू त्यांवर ताव मारतात आणि वायू धरतो. गहू, कांदा आणि लसूण यांतील फ्रुक्टान हे द्रव्यही असेच वागते. दुधातील लॅक्टोज अनेक प्रौढांना पचत नाही. काही थोड्या लोकांना गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे सीलिॲक नावाचा आतड्याचा गंभीर विकार होतो. या सर्व द्रव्यांची सोबत फायटिक आम्लाला अनेकदा असते. चोर आणि वाटसरू एकाच गाडीत बसलेले असावेत आणि पकडला जावा वाटसरू, तशातला हा प्रकार आहे.

अशा वेळी खरा अपराधी शोधण्याचे एक साधन आहे. ते म्हणजे वर्जन-आहार. संशयित पदार्थ काही काळ सोडावयाचे, त्रास कमी होतो का ते पाहावयाचे, आणि मग एकेक पदार्थ पुन्हा घेऊन त्रास परततो का ते तपासावयाचे. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट रो यांनी १९२० नंतरच्या दशकात या पद्धतीला शिस्त आणली. तिची सर्वांत प्रसिद्ध फलश्रुती मात्र हॉलंडमध्ये दिसली. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना सीलिॲक मुलांच्या बाबतीत गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. त्या हलाखीतही ही मुले सुधारू लागली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचा आजार परतला. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला, तो याच निष्कर्षाचा. येथे दोन्ही बाजू दिसतात: सोडले तेव्हा सुधारणा, घेतले तेव्हा उलट. या दोहोंपैकी दुसरी बाजू नसती, तर पुरावा अपुरा राहिला असता.

केवळ वर्ज्य करून थांबल्यास निष्कर्ष कसा फसवा ठरू शकतो, याचे उदाहरण फायटिक आम्लाच्याच इतिहासात आहे, आणि ते चपातीशी संबंधित आहे. १९७० च्या सुमारास ग्लासगोमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय व पाकिस्तानी कुटुंबांत मुलांना मुडदूस आणि मोठ्यांना अस्थिमार्दव होत असल्याचे आढळले. चपातीच्या कणकेतील फायटिक आम्लावर संशय घेण्यात आला. १९७२ मध्ये डनिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना चपाती वर्ज्य केलेला आहार दिला, आणि त्यांच्या रक्ताच्या तपासणीत सुधारणा दिसली. प्रश्न सुटला असे कोणासही वाटले असते. पण १९७३ मध्ये लंडनमधील चार्ल्स डेंट यांच्या गटाने एका भारतीय रुग्णाला भरपूर चपात्या खाऊ घालीत ठेवूनच अतिनील किरणांचा उपचार केला, आणि त्याचा मुडदूस बरा झाला. स्कॉटलंडच्या अंधुक आकाशाखाली त्यांना ड जीवनसत्त्व कमी पडत होते. चपातीने त्या उणिवेत भर घातली असेल, पण उणिवेचे मूळ ती नव्हती. १९७९ पासून ग्लासगोमध्ये ड जीवनसत्त्व वाटण्याची मोहीम झाली आणि आशियाई मुलांतील मुडदूस घटला. चपात्या घरोघरी चालूच होत्या.

याच प्रकारचा दुसरा धडा ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दिला. ग्लुटेन सोसत नाही अशी स्वतःची खात्री असलेल्या, पण सीलिॲक विकार नसलेल्या ३७ व्यक्तींना त्यांनी प्रथम न पचता आंबणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार दिला. सर्वांना बरे वाटले. नंतर त्यांना न कळू देता कधी ग्लुटेन अधिक, कधी कमी, तर कधी मुळीच नाही, असे अन्न दिले. निव्वळ ग्लुटेनमुळे त्रास होणारे लोक त्यांत फारच थोडे, सुमारे आठ टक्के निघाले. गहू सोडल्याने बरे वाटते हा अनुभव खरा होता. गव्हातील कोणत्या द्रव्यामुळे, हा तर्क चुकला होता. खाणाऱ्याला ठाऊक नसताना केलेली परीक्षाच अशा प्रश्नाचा निवाडा करू शकते, कारण अपेक्षेनेही पोट बिघडते.

घरगुती वर्जन-आहार करावयाचा झाल्यास काही पथ्ये पाळावी लागतात. गहू सोडण्यापूर्वीच सीलिॲक विकाराची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यावर तिचा निकाल भरवशाचा राहत नाही. वजन उतरत असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप येत असेल, तर आहाराचे प्रयोग न करता आधी वैद्याकडे जावे. एखाद्या पदार्थाने ओठ-घसा सुजणे किंवा धाप लागणे असे कधी झाले असेल, तर तो पदार्थ घरी पुन्हा चाखून पाहू नये. लहान मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच कृश माणसे यांनी तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून हा मार्ग धरू नये. इतरांनी दोन ते चार, फार तर सहा आठवडे मोजके पदार्थ सोडावेत, आणि काय खाल्ले, केव्हा खाल्ले, काय झाले, याची रोजची टिपणवही ठेवावी. नंतर एका वेळी एकच पदार्थ, पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी मध्यम, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका, असा परत घ्यावा. दोन पदार्थांच्या परीक्षांमध्ये काही दिवस मोकळे सोडावेत.

या परीक्षेत फायटिक आम्लाला इतर संशयितांपासून वेगळे काढण्याची सोय मराठी स्वयंपाकघरातच आहे. मैद्यात फायटिक आम्ल कणकेच्या मानाने पुष्कळ कमी असते, पण ग्लुटेन आणि फ्रुक्टान असतात. कांदा-लसणात फायटिक आम्ल नगण्य, फ्रुक्टान मात्र भरपूर. दुधात ते मुळीच नाही. उलट ज्वारी, बाजरी, हातसडीचा तांदूळ आणि तीळ यांत फायटिक आम्ल चांगलेच असते. पण ग्लुटेन नसते आणि आंबणाऱ्या शर्करा थोड्या असतात. तेव्हा एखाद्याला ज्वारीची भाकरी आणि तिळाची चटणी निमूटपणे पचत असेल, आणि मैद्याचा पाव व कांद्याची भजी बाधत असतील, तर फायटिक आम्ल निर्दोष सुटले असे समजावे. दूध घेतल्यावरच त्रास होत असेल, तर धान्यांना विनाकारण शिक्षा देण्याचे कारण नाही. हरभरा आणि राजमा बाधले, पण सालीवाचूनची मुगाची डाळ भिजवून पाणी टाकून शिजविली असता सोसली, तर दोष बहुधा शर्करांचा. भाकरीच जड पडली, तरीही आरोप लगेच सिद्ध होत नाही; एरवी कोंड्याची सवय नसलेल्याला तंतुमय अन्न एकदम वाढविल्यानेही तसे होते.

आणखी एक गोष्ट. टिपणवही कितीही काटेकोरपणे लिहिली, तरी फायटिक आम्लाचा खरा परिणाम तीत उमटत नाही. तो रक्तात उमटतो. सतत थकवा, दम लागणे, चेहरा फिकट दिसणे अशी लक्षणे असतील, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन यांची तपासणी हा सरळ मार्ग आहे. लोह कमी निघाले, तर वैद्याने सांगितलेले लोह घ्यावे, रक्तस्राव किंवा जंत यांसारखी कारणे शोधावीत आणि आहार सुधारावा. डाळ-भाकरी सोडून लोह वाढत नाही. कारण शाकाहारी माणसाला जे काही लोह आणि जस्त मिळते, ते मुख्यतः याच डाळ-भाकरीतून मिळते. पांढरा तांदूळ आणि मैदा यांत फायटिक आम्ल कमी असते हे खरे, पण कोंड्याबरोबर खनिजेही गिरणीत गेलेली असतात. तिजोरीचे कुलूप नको म्हणून तिजोरीच फेकून देण्यासारखे ते आहे.

कुलूप उघडण्याची युक्ती मात्र जुनी आहे आणि ती दाण्यानेच शिकविली आहे. ओलावा, ऊब आणि किंचित आंबटपणा मिळाला की फायटेज काम करू लागते. नुसत्या उष्णतेने फायटिक आम्ल फारसे नाहीसे होत नाही. उलट अगोदरच उकळी दिली, तर विकरच मरते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी भिजवणे, मग मोड आणणे किंवा आंबवणे, आणि शेवटी शिजवणे. मटकी किंवा मूग रात्रभर भिजवून, पाणी बदलून, फडक्यात बांधून मोड आणले, म्हणजे फायटिक आम्ल घटते. शिवाय भिजविलेले पाणी टाकल्याने वायू धरणाऱ्या शर्कराही बऱ्याच निघून जातात. केवळ भिजवण्याने फायटिक आम्लात पडणारा फरक बेताचाच असतो. मोड आणण्याने अधिक आणि आंबवण्याने त्याहूनही अधिक पडतो. आंबवताना जंतू आम्ल तयार करतात, पीठ आंबट होते आणि विकराला हवी तशी स्थिती मिळते.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांनी तर शेजाऱ्यांकडूनही हे संस्कार उचलले आहेत. बडोद्याच्या घरात ढोकळा आणि हांडवा, हैदराबादेत इडली आणि डोसा, गोव्यात आंबवलेल्या कोंडायुक्त पिठाची पोयी आणि नाचणीची आंबील, ही सारी आंबवण्याचीच रूपे होत. बेळगावकडील ज्वारीची भाकरी मात्र गरम पाण्यात पीठ मळून लगोलग थापली जाते. तेथे विकराला वेळ मिळत नाही, आणि ज्वारीत ते मुळातच गव्हाच्या मानाने कमी असते. म्हणून त्या भाकरीला मोड आलेल्या मटकीच्या उसळीची जोड आणि पानात लिंबाची फोड ही नुसती चवीची बाब राहत नाही. लिंबू, आवळा, पेरू, ताजी कोथिंबीर यांतील क जीवनसत्त्व त्याच जेवणातील लोह मोकळे ठेवते. हालबेरी यांच्या प्रयोगाचा अर्थ तोच. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा याच्या उलट काम करतो, तेव्हा तो तासभर पुढे ढकलावा. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकात नोंदलेले आहे. मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी तान्ह्याच्या वरच्या अन्नासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तिचे मर्म आता रसायनाच्या भाषेत सांगता येते इतकेच.

शरीरही अगदीच असहाय नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लोहाचा साठा कमी असलेल्या स्त्रियांना आठ आठवडे फायटिक आम्ल अधिक असलेला आहार दिला असता, लोहशोषणातील त्याचा अडथळा आरंभापेक्षा कमी झालेला आढळला. शिवाय हे आम्ल सर्वस्वी अवगुणी आहे असेही नाही. मूत्रातील कॅल्शियमचे खडे बनण्यास ते विरोध करते, आणि ते अधिक खाणाऱ्या तरुण स्त्रियांत मूतखड्याचे प्रमाण कमी दिसल्याची नोंद २००४ मधील एका मोठ्या अमेरिकन पाहणीत आहे. म्हणून ज्याचा आहार वैविध्याचा आहे, ज्याच्या पानात डाळ, भाजी, ताक, फळ, एखादे वेळी अंडे किंवा मासळी असते, त्याने फायटिक आम्लाचे भय बाळगण्याचे कारण नाही. काळजी घ्यावयाची ती तान्ह्यापासून वाढत्या वयापर्यंतच्या मुलांच्या, गर्भवतींच्या आणि एकाच धान्यावर दिवस काढणाऱ्यांच्या बाबतीत. आणि तेथेही उपाय भिजवण्या-आंबवण्याचा, लिंबाच्या फोडीचा, व गरज पडल्यास वैद्याने दिलेल्या लोह-जस्ताचा आहे.

वर्जन-आहाराचे महत्त्व याने उणे होत नाही. योग्य जागी वापरल्यास ते वर्षानुवर्षांच्या त्रासाचे मूळ काही आठवड्यांत दाखवू शकते. पण ती परीक्षा आहे आणि परीक्षेला शेवट असतो. जो पदार्थ दोनदा-तीनदा पारखून खरोखरच बाधक ठरला, तो सोडावा किंवा सोसेल इतकाच खावा. बाकीचे सारे ताटात परत यावेत. वर्ज्य पदार्थांची यादी महिन्यागणिक लांबत चालली आणि परत आलेला पदार्थ मात्र एकही नाही, असे ज्या घरात दिसेल, तेथे परीक्षा अर्धवटच राहिली आहे असे समजावे आणि आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ती पुरी करून घ्यावी. तोपर्यंत डब्यातील मटकी तशीच ठेवण्याचे कारण नाही. ती रात्री भिजत घालावी.